कॉपी केलेला दरवाजा जातो कुठे?

टॉयलेटचा डिटेल जुन्या ड्रॉइंगमधून उचलून नव्यात टाकायचा असतो. कंट्रोल+सी, कंट्रोल+टॅब, कंट्रोल+व्ही. डिटेल येतो, पण कर्सरने तो भलत्याच जागी धरलेला असतो. भिंतीच्या कोपऱ्यात नेमका बसवायचा तर आधी कुठेतरी टाका, मग मूव्ह करा. कुणाकडे दुसऱ्या ऑफिसातून आलेला दरवाजा अख्ख्या इमारतीपेक्षा मोठा होऊन उतरतो. कुणी सुधारलेली खिडकी पेस्ट करतं आणि स्क्रीनवर जुनीच दिसते. आर्किटेक्टच्या ऑफिसात नव्याने लागलेले ड्राफ्ट्समन, आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेडचे विद्यार्थी, स्वतःच प्लॅन काढणारे छोटे कॉन्ट्रॅक्टर, सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने हीच: कॉपी-पेस्ट तर येतं, मग ऑटोकॅडमध्येच ते बिनसतं का?

कारण ऑटोकॅडमध्ये ‘कॉपी’ नावाखाली चार-पाच वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची कळ वेगळी आहे. पत्र टाइप करताना लागलेली दोन कळांची सवय इथे आणली की काम होतं, पण अर्धवट होतं.

वाचताना एवढं लक्षात ठेवा. कमांडची छोटी रूपं इथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. ‘सी-ओ’ म्हटलं की कीबोर्डवर ती दोन इंग्रजी अक्षरं टाइप करून स्पेसबार दाबायचा. ऑटोकॅडमध्ये मजकूर लिहिण्याची वेळ सोडली तर स्पेसबार एंटरचंच काम करतो, आणि अंगठा तिथे आधीच टेकलेला असतो.

कळ दाबण्याआधी ठरवा

जी वस्तू उचलताय ती पुढे बदलणार आहे का? बदलली तर सगळीकडे बदलायला हवी का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की कळ आपोआप ठरते.

- एकदाच लागणार असेल आणि पुढे तिचं तिचं स्वतंत्र राहणार असेल, तर साधं कॉपी-पेस्ट.
- पुन्हा पुन्हा आणि सगळीकडे सारखीच लागणार असेल, तर ब्लॉक.
- तिची मालकी दुसऱ्याकडे असेल, म्हणजे आरसीसी कन्सल्टंटचा कॉलम लेआउट किंवा सर्व्हेअरने दिलेली प्लॉटची हद्द, तर एक्सरेफ, म्हणजे ती फाइल कॉपी न करता नुसती जोडणं.

समजा, एका मजल्यावर चार फ्लॅट आहेत आणि प्रत्येकात दोन टॉयलेट. शीटवर पहिला मजला, टिपिकल मजला आणि रेफ्यूज मजला असे तीन प्लॅन. टॉयलेटचे दरवाजे झाले २४. क्लायंटने ७०० मिलिमीटरचा दरवाजा ७५० करायला सांगितला. दरवाजे सुट्या रेषा आणि आर्क म्हणून पेस्ट केलेले असतील तर २४ ठिकाणी हात लावावा लागेल, आणि एखादा राहून गेला तर तो साइटवरच सापडेल. ब्लॉक असेल तर एका जागी दुरुस्ती, चोवीसही बदलले. (भिंतीतली मोकळी जागा मात्र तुम्हालाच रुंदावावी लागेल. ब्लॉक भिंत तोडून देत नाही.)

क्लिपबोर्डच्या कळा

कंट्रोल+सी दाबल्यावर ऑटोकॅड पडद्याआड एक तात्पुरती ड्रॉइंग फाइल तयार करतं. पेस्ट करताना तीच फाइल नव्या ड्रॉइंगमध्ये घातली जाते. हे कळलं की पुढचे बरेच चमत्कार चमत्कार राहत नाहीत: निवडलेल्या वस्तूंबरोबर त्यांचे लेयर, टेक्स्ट स्टाइल, डायमेन्शन स्टाइल, लाइनटाइप, आतले ब्लॉक असा सगळा लवाजमा सोबत येतो.

- कंट्रोल+सी: साधी कॉपी. धरण्याची जागा, म्हणजे बेस पॉइंट, तुम्हाला विचारला जात नाही. निवडलेल्या सगळ्या वस्तूंना वेढणाऱ्या चौकटीचा खालचा डावा कोपरा ऑटोकॅड स्वतःच धरतं. डायमेन्शनची एखादी रेष डावीकडे लांब गेलेली असेल तर कोपराही तिच्यामागे लांब जातो. कर्सर भलतीकडे दिसतो तो यामुळे.
- कंट्रोल+शिफ्ट+सी: बेस पॉइंट सांगून कॉपी. आधी बिंदू विचारला जातो, मग वस्तू. टॉयलेटच्या आतल्या भिंतीचा कोपरा एफ३ (ऑब्जेक्ट स्नॅप) चालू ठेवून नेमका पकडा, डिटेल निवडा, दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये त्याच कोपऱ्यावर सोडा. नंतरचं मूव्ह करणं वाचलं.
- कंट्रोल+व्ही: पेस्ट. वस्तू मुळात जशा होत्या तशाच सुट्या उतरतात.
- कंट्रोल+शिफ्ट+व्ही: ब्लॉक करून पेस्ट. सगळं मिळून एकच वस्तू होते.

चारांतली दुसरी कळ एवढी उपयोगाची आहे की महिनाभर फक्त तीच वापरून बघा. पहिलीची आठवण फारशी येणार नाही.

चौथीबद्दल मात्र सावध राहा. ती बनवते त्या ब्लॉकला नाव तुम्ही देत नाही. तात्पुरत्या फाइलचंच नाव त्याला चिकटतं: ए, डॉलरचं चिन्ह, सी आणि पुढे अक्षर-अंकांची खिचडी. अशा नावांचे पंधरा-वीस ब्लॉक एका ड्रॉइंगमध्ये साठले की कुठला दरवाजा आणि कुठलं बेसिन हे कुणालाच सांगता येत नाही. घाईत वापरलीच, तर लगेच आर-ई-एन टाइप करून रिनेमच्या यादीत त्याला धड नाव द्या.

पाचवी सोय कळेवर नाही, पण बहुतेकांना हवी असते तीच आहे: पेस्ट टू ओरिजिनल कोऑर्डिनेट्स. राइट-क्लिकच्या मेनूत क्लिपबोर्डखाली ती सापडते, कमांड लिहायची तर पेस्टओरिग. मूळ ड्रॉइंगमध्ये वस्तू जिथे होती, नव्यातही त्याच कोऑर्डिनेट्सवर बसते. मजल्यांचे प्लॅन वेगवेगळ्या फाइलींत पण एकाच शून्यबिंदूवर काढलेले असतील तर लिफ्टचा डक्ट, जिना, कॉलमच्या ग्रिड रेषा अशा हलवाव्यात. दोन अटी पाळा. एक, ही सोय दुसऱ्या ड्रॉइंगमधून आणलेल्या वस्तूंनाच लागू होते. त्याच ड्रॉइंगमध्ये ती चालत नाही. दोन, दोन्ही फाइलींत यूसीएस, म्हणजे कोऑर्डिनेट्सचे अक्ष, ‘वर्ल्ड’वर आहे हे आधी बघा. प्लॉट तिरका म्हणून कुणी यूसीएस फिरवून ठेवलेला असतो आणि नंतर तासभर शोधाशोध होते.

सगळं निवडण्यासाठी कंट्रोल+ए दाबणाऱ्यांसाठी एक सूचना. फ्रीझ किंवा लॉक केलेल्या लेयरवरच्या वस्तू या कळेने निवडल्या जात नाहीत. नुसत्या ‘ऑफ’ केलेल्या लेयरवरच्या मात्र निवडल्या जातात. म्हणजे स्क्रीनवर न दिसणारं फर्निचरही दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये जाऊन पोचतं.

एकाच ड्रॉइंगमध्ये कंट्रोल+सी कशाला?

त्याच ड्रॉइंगमध्ये वस्तू परत वापरायची असेल तर क्लिपबोर्डची गरजच नाही. सी-ओ ही कॉपीची कमांड बेस पॉइंट विचारते आणि एस्केप दाबेपर्यंत प्रती टाकत राहते. तिच्यातच ‘ॲरे’चा पर्याय आहे: ए टाइप करा, संख्या द्या, पुढचा बिंदू दाखवा. जिन्याच्या २५० मिलिमीटरच्या पायऱ्या, पार्किंगच्या रेषा, ग्रिलचे गज यांना हे पुरतं. एम-आय म्हणजे मिरर. समोरासमोरचे फ्लॅट बहुतेक याच कमांडने होतात, पण मिरर केलेल्या दरवाजाचा हात बदलतो. डावा उजवा होतो. दरवाजाच्या शेड्यूलमध्ये तो फरक गेला नाही तर बिजागऱ्या आणि कुलपं चुकीच्या हाताची येतात.

आणखी तीन सोयी थोडक्यात. निवड मागितल्यावर पी टाइप केलं की मागच्या वेळी निवडलेल्या वस्तू पुन्हा निवडल्या जातात. एम-ए, म्हणजे मॅच प्रॉपर्टीज, एका वस्तूचा लेयर, रंग, लाइनटाइप दुसरीला लावते आणि एकाच ऑटोकॅडमध्ये उघडलेल्या दोन ड्रॉइंगांमध्येही चालते. आणि एनकॉपी: ब्लॉकच्या किंवा एक्सरेफच्या पोटातली एखादीच रेष, तो न फोडता, बाहेर काढून देते. एक्सप्लोडच्या एक्सकडे बोट वळण्याआधी एनकॉपी आठवावी.

दरवाजाचा ब्लॉक, सावकाश

नव्या माणसाचे बहुतेक ब्लॉक बिघडतात ते बनवताना. म्हणून ९०० मिलिमीटरच्या दरवाजाचा एक ब्लॉक टप्प्याटप्प्याने करू.

१. चालू लेयर शून्य करा आणि दरवाजा त्यावरच काढा. रंग, लाइनटाइप, जाडी तिन्ही ‘बायलेयर’. शून्य लेयरवर अशा रीतीने काढलेला ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचे गुण घेतो. तो दुसऱ्या लेयरवर काढून मग ब्लॉक केला तर जिथे जाईल तिथे तो लेयर घेऊन जाईल.

२. बी टाइप करा. नाव असं द्या की सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसालाही कळेल: प्रकार, रुंदी, हात. नुसतं ‘दरवाजा१’ किंवा ‘न्यू’ नको.

३. बेस पॉइंट बिजागरीच्या बाजूला, चौकट भिंतीला जिथे टेकते त्या कोपऱ्यावर घ्या. हा बिंदू द्यायचा राहिला तर तो शून्य-शून्यवर जातो, आणि ब्लॉक इन्सर्ट करताना दरवाजा कर्सरपासून मैलभर लांब दिसतो. ‘ब्लॉक हरवला’ असं म्हणतात तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

४. ब्लॉकचं युनिट मिलिमीटर निवडा. हा रकाना बघायचाच, का ते पुढे येतंच आहे.

५. ‘कन्व्हर्ट टू ब्लॉक’ ठेवा. चुकून ‘डिलीट’ निवडलं आणि मूळ रेषा गेल्या तर ऊप्स ही कमांड टाइप करा. ब्लॉक तसाच ठेवून रेषा परत येतात; अनडू केलं तर ब्लॉकही जाईल.

पुढे बदल करायचा झाला की बी-ई टाइप करून ब्लॉक एडिटरमध्ये जा, दुरुस्त करा, सेव्ह करून बाहेर या. त्या ड्रॉइंगमधल्या सगळ्या प्रती बदललेल्या दिसतील. ७५०, ९०० आणि १०५० अशा तीन दरवाजांसाठी तीन ब्लॉक ठेवायचे नसतील तर डायनॅमिक ब्लॉक शिका. ऑटोकॅड २००६ पासून ते आहेत, आणि एकाच ब्लॉकची रुंदी यादीतून निवडता येते. शिकायला दोन संध्याकाळी जातील, जाऊ द्या.

ब्लॉकचा आणखी एक फायदा एस्टिमेट करणाऱ्याला लगेच कळतो: ब्लॉक मोजता येतात. २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत काउंट कमांडने नावानुसार संख्या मिळते, त्याआधीच्या पूर्ण आवृत्त्यांत एक्स्प्रेस टूल्समधलं बीकाउंट आहे. सुट्या रेषांचे दरवाजे या कमांड मोजून देणार नाहीत.

ब्लॉक ठेवायचे कुठे?

एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात ब्लॉक नेताना जुनी फाइल उघडून, शोधून, कॉपी करण्याची गरज नसते.

कंट्रोल+२ दाबा. डिझाइन सेंटर उघडतं. डाव्या बाजूला फोल्डर आणि ड्रॉइंग फाइली, फाइलीवर क्लिक केलं की तिच्यातले ब्लॉक, लेयर, लेआउट, टेक्स्ट आणि डायमेन्शन स्टाइल वेगवेगळ्या कप्प्यांत. फाइल न उघडता हवं ते ओढून आपल्या ड्रॉइंगमध्ये आणायचं. नव्या प्रोजेक्टला ऑफिसचे ठरलेले लेयर आणायला याहून सोपा रस्ता नाही: सगळे लेयर निवडले, ओढले, झालं. १९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० पासून ही सोय आहे, तरी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या अनेकांनी ती उघडून पाहिलेली नसते.

कंट्रोल+३ ने टूल पॅलेट येतात. रोज लागणारे ब्लॉक आणि हॅच तिथे लावून ठेवता येतात. पॅलेटवरचा ब्लॉक मूळ फाइलीकडे बोट दाखवत असतो, ती फाइल हलवली की पॅलेट मुकं होतं. म्हणून लायब्ररीचं फोल्डर एकदा ठरवा आणि सर्व्हरवर त्याची जागा बदलू नका. नव्या आवृत्त्यांत आय टाइप केलं की ब्लॉक्स पॅलेट उघडतं, त्यात अलीकडे वापरलेले ब्लॉक दुसऱ्या ड्रॉइंगमध्येही हाताशी राहतात.

एखादा ब्लॉक किंवा डिटेल वेगळ्या फाइलीत ठेवायचा असेल तर डब्ल्यू, म्हणजे डब्ल्यूब्लॉक. ऑफिसातले जुने ड्राफ्ट्समन अजून सगळीकडे हीच कमांड वापरताना दिसतील. त्यांच्या उमेदीच्या काळात, रिलीज १४ पर्यंत, ऑटोकॅडच्या एका खिडकीत एकच ड्रॉइंग उघडायचं, दोन फाइलींत मजकूर हलवायचा तर हाच राजमार्ग होता. त्यांना हसू नका. ‘कॉपी टू क्लिपबोर्ड फेल्ड’ असा संदेश येऊन क्लिपबोर्ड अडतो तेव्हा हीच कमांड कामाला येते. ऑडिट चालवा, तरीही अडलं तर निवडलेल्या वस्तू डब्ल्यूब्लॉकने फाइलीत काढा आणि दुसरीकडे इन्सर्ट करा.

दुसऱ्याचं ड्रॉइंग कॉपी करू नका, जोडा

आरसीसी कन्सल्टंटकडून कॉलम लेआउट आला, तुम्ही तो कॉपी करून प्लॅनवर टाकला. आठवड्याने कन्सल्टंटने दोन कॉलम २३० बाय ४५० चे २३० बाय ६०० केले आणि सुधारित फाइल पाठवली. तुमच्या प्लॅनवर जुनेच कॉलम राहिले, कारण तुमच्या प्रतीचा मूळ फाइलीशी काही संबंध उरलेला नाही.

इथे एक्स-ए टाइप करून फाइल एक्सरेफ म्हणून जोडा. सुधारित फाइल त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवली की ड्रॉइंग उघडताना नवे कॉलम दिसतात. यादी बघायला, रीलोड करायला एक्स-आर. जोडताना तीन गोष्टी तपासा:

- ‘अटॅचमेंट’ की ‘ओव्हरले’? तुमची फाइल पुढे कुणी जोडणार असेल आणि तिच्याबरोबर हे कॉलम जायला नको असतील तर ओव्हरले.
- पाथ ‘रिलेटिव्ह’ ठेवा. नाहीतर फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेलं की प्लॅनऐवजी फाइलीचं नुसतं नाव दिसतं.
- फाइल बाहेर पाठवताना ई-ट्रान्समिट वापरा. जोडलेल्या फाइली, फाँट सगळं एका झिपमध्ये बांधून मिळतं.

सँक्शनसाठी एकच फाइल द्यायची असेल तर शेवटी बाइंड करा. ‘बाइंड’ पर्यायाने लेयरच्या नावांत फाइलीचं नाव आणि डॉलरची चिन्हं घुसतात, ‘इन्सर्ट’ पर्यायाने ती साधीच राहतात. महाराष्ट्रातल्या अनेक महापालिकांत बांधकाम परवानगीची ड्रॉइंग ऑटोडीसीआरसारख्या सॉफ्टवेअरमधून तपासली जातात, आणि ते ठरवून दिलेल्या लेयरच्या नावांवर चालतं. तिथे डॉलरवाली नावं घेऊन जाण्यात शहाणपणा नाही.

हमखास घोळ होतो तो इथे

नाव एक, वस्तू दोन. सुधारलेली खिडकी पेस्ट करूनही जुनीच का दिसते? दोन्ही ड्रॉइंगांत त्या ब्लॉकचं नाव एकच असतं म्हणून. अशा वेळी ज्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट करताय तिथली व्याख्या टिकते, आणलेली गुपचूप टाकून दिली जाते. एफ२ दाबून कमांडचा इतिहास पाहिलात तर व्याख्या दुबार असल्याने वगळल्याची ओळ बहुधा तिथे सापडेल. उपाय दोन: नवी हवी असेल तर डिझाइन सेंटरमध्ये ब्लॉकवर राइट-क्लिक करून ‘इन्सर्ट अँड रीडिफाइन’; दोन्ही हव्या असतील तर कॉपी करण्याआधीच एकीचं नाव बदला. लेयरचंही तसंच आहे. तुमच्याकडे भिंतीचा लेयर लाल आणि त्यांच्याकडे पिवळा, नाव एकच, तर पेस्ट केलेल्या भिंती तुमच्याकडे लाल होतात.

युनिट. हा घोळ सर्वांत महागात पडतो. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये काढलेलं असतं, पण ज्या टेम्प्लेटवर सुरू केलं ते इंचांचं असतं. फाइलीच्या कपाळावर ‘इंच’ लिहिलेलं राहतं. अशा फाइलीतला ९०० चा दरवाजा मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये आणला की ऑटोकॅड प्रामाणिकपणे त्याला २५.४ ने गुणतं आणि दरवाजा २२,८६० मिलिमीटरचा होतो, म्हणजे जवळजवळ २३ मीटर. उलट दिशेने नेला तर साडेपस्तीसच्या आसपास. दोन्ही फाइलींत यू-एन टाइप करून ‘इन्सर्शन स्केल’चा रकाना तपासा. इन्सयुनिट्स या व्हेरिएबलमध्येही तेच कळतं: १ म्हणजे इंच, २ फूट, ४ मिलिमीटर, ६ मीटर. आपल्याकडे विक्रीचे प्लॅन फूट-इंचांत आणि वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असा दुहेरी संसार चालतो, त्यामुळे ही सवय सोडून चालणार नाही. वस्तू आली की लगेच डी-आय ने एक माप मोजून घ्या.

एकावर एक दोन प्रती. पेस्ट टू ओरिजिनल दोनदा दाबलं गेलं तर स्क्रीनवर काहीच वेगळं दिसत नाही, पण प्रत्येक रेष दोनदा असते. प्रिंट जाड येते, ब्लॉकची संख्या दुप्पट निघते. रेषा-आर्कच्या दुबार प्रती ओव्हरकिल कमांड काढून टाकते. ब्लॉकची संख्या मात्र पुन्हा मोजून खात्री करा.

आगंतुक लेयर. दुसऱ्या ऑफिसातली एक खुर्ची आणली आणि लेयरच्या यादीत चाळीस नवी नावं. खुर्ची आपल्या ड्रॉइंगमध्ये आणण्याआधी कोऱ्या फाइलीत पेस्ट करा, लेयर मर्ज करा, पी-यू टाइप करून पर्ज चालवा, मगच पुढे न्या. यात जाणारी पाच मिनिटं फाइल जड झाल्यावर जाणाऱ्या वेळेपुढे काहीच नाहीत.

शेजारची कळ. कंट्रोल+२ च्या नादात कंट्रोल+९ दाबलं गेलं तर कमांड लाइन नाहीशी होते, कंट्रोल+० ने मेनू-पॅलेट सगळेच. घाबरून ऑटोकॅड पुन्हा इन्स्टॉल करू नका, तीच कळ परत दाबा.

टायटल ब्लॉक: कॉपीची सर्वांत धोक्याची जागा

जुन्या प्रोजेक्टची शीट कॉपी करून नवं काम सुरू करायचं, ही जवळपास प्रत्येक ऑफिसची रीत. प्लॅन बदलतो, टायटल ब्लॉकमध्ये मात्र मागच्या मालकाचं नाव, मागचा गट नंबर किंवा सीटीएस नंबर, मागची तारीख राहते. सुदैवाने महापालिकेची खिडकी ते पकडते. दुर्दैवाने पकडत नाही तेव्हा भलत्या जमिनीच्या नावाचं ड्रॉइंग साइटवर फिरतं. खाली आर्किटेक्टचा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, जबाबदारी त्याच्या माथी येते.

टायटल ब्लॉकमधली बदलणारी प्रत्येक ओळ साध्या टेक्स्टऐवजी ॲट्रिब्यूट करा आणि मूळ टेम्प्लेटमध्ये ती रिकामी ठेवा. रिकामी चौकट लगेच डोळ्यांत भरते, जुनं नाव भरत नाही. नवं काम जुन्या शीटवरून सुरू न करता या टेम्प्लेटवरून करा. चालू फाइलीत ऑफिसची शीट हवी असेल तर लेआउटच्या टॅबवर राइट-क्लिक करून ‘फ्रॉम टेम्प्लेट’.

ड्रॉइंग कुणाचं?

नोकरी सोडताना पेनड्राइव्हवर सगळी लायब्ररी घेऊन जावी का, हे विचारणारे खूप. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २ (सी) नुसार आराखडे, नकाशे आणि वास्तुकलेचं काम ‘कलाकृती’त मोडतं. कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, करारात वेगळं काही नसेल तर, नोकरी देणारा असतो. तेव्हा:

- पगारावर काम करताना काढलेले डिटेल ऑफिसचे. परवानगी मागा, शक्यतो लेखी. साध्या दरवाजा-कमोडच्या चिन्हांना बहुतेक ऑफिसं नाही म्हणत नाहीत. पूर्ण प्रोजेक्टची ड्रॉइंग ही वेगळी गोष्ट.
- सुटं काम घेणारा ड्राफ्ट्समन नोकर नसतो. हक्क कुणाचे हे कामाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर तेही लेखीच लागतं.
- फिटिंग बनवणाऱ्या कंपन्यांचे ब्लॉक त्यांच्या अटींवर मिळतात. प्लॅनमध्ये वापरायला ते सहसा मोकळे असतात, लायब्ररी म्हणून विकायला नाहीत.
- विद्यार्थ्यांना मिळणारं ऑटोकॅड शिकण्यापुरतं आहे, पैसे घेऊन केलेल्या कामाला नाही. जुन्या आवृत्त्यांत तर विद्यार्थी आवृत्तीतला एखादा ब्लॉक पेस्ट केला तरी प्रिंटच्या कडेला तसा शिक्का उमटायचा.

आपल्या बोटांच्या सोयीची कळ

पेस्टओरिगला तयार कळ नाही, ती स्वतः द्या. एक्स्प्रेस टूल्स असतील तर अलियासएडिट टाइप करा, नसतील तर मॅनेज टॅबमधून ‘एडिट अलियासेस’. ‘एडिट अलियासेस’ने एकॅड-पीजीपी ही साधी मजकुराची फाइल उघडते. तिच्या शेवटी, वापरणाऱ्याच्या अलियासांसाठी ठेवलेल्या भागात नवी ओळ लिहा: छोटं नाव, स्वल्पविराम, मग ताराचिन्ह आणि त्याला चिकटून पूर्ण कमांड. छोटं नाव निवडण्याआधी ते कुणाचं नाही हे यादीत शोधा. पी-ओ, उदाहरणार्थ, पॉइंट कमांडकडे आहे, म्हणून पी-ओ-ओ घ्या. एकच नाव दोनदा आलं तर खालची ओळ लागू होते, त्यामुळे वरच्या मूळ ओळींना हात लावायचं कारण नाही. फाइल सेव्ह करा, रीइनिट टाइप करा, पीजीपीच्या चौकोनावर टिक करा. ऑटोकॅड बंद न करता नवी कळ चालू होते. कंट्रोल किंवा शिफ्टबरोबरची कळ हवी असेल तर ती सीयूआय कमांडच्या खिडकीतून द्यावी लागते.

ऑटोकॅडऐवजी ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड किंवा जीस्टारकॅड वापरत असाल तर वरच्या बहुतेक कमांड तशाच चालतील, पॅलेटची नावं आणि जागा थोड्या इकडेतिकडे असतील. आणि नवी आवृत्ती घालण्याआधी एकॅड-पीजीपीची एक प्रत बाजूला काढून ठेवा.